पाठीतली चमक आणि पिशवीतले रिपोर्ट

सातगाव पठारावर बटाट्याची काढणी सुरू झाली की मेडिकलच्या दुकानांत दुखण्याच्या गोळ्या आणि मलमांचा खप वाढतो. नवल काही नाही. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन चिखलातून ट्रॅक्टरपर्यंत न्यायची, पुन्हा यायचं, पुन्हा न्यायची. नारायणगावला टोमॅटोचे क्रेट, जुन्नरच्या द्राक्षबागांत मान वर करून तासन्‌तास घडांची विरळणी, ओतूरकडे उकिडवं बसून कांदाकाटणी. जुन्नर-आंबेगावात पाठ न दुखणारा माणूस शोधायचाच म्हटलं तर वेळ लागेल. त्यामुळे पाठ दुखणं हे आमच्याकडे कुणी लक्षण धरत नाही. उसण भरली, चमक निघाली, गादी सरकली, मणक्यात गॅप आहे. शब्द भरपूर आहेत आणि प्रत्येक शब्दाबरोबर एक गोळी ठरलेली आहे.

माझ्या आत्याच्या यजमानांना आम्ही तात्या म्हणतो. त्यांची पाठ अशाच काढणीत धरली तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. गोणी उचलताना पाठीत कट्‌कन आवाज झाला, असं ते सांगतात. शेक झाला, पट्टा झाला, एक्स-रे झाला. एक्स-रेवर ‘वयोमानाने झीज’ असा शेरा मिळाला. दुखण्याच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ सुरू झाल्या त्या पाच महिने. मधे एकदा रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन नऊ निघालं, म्हणून लोहाचं टॉनिक आलं. जानेवारीत न्यूमोनिया झाला, चार दिवस सलाईन लागलं. मग तहान वाढली, पोट साफ होईना, दिवसा डुलक्या येऊ लागल्या, बोलता बोलता शब्द हरवू लागले. घरच्यांनी ते अशक्तपणावर टाकलं. प्रत्येक दुखण्याला वेगळा डॉक्टर, वेगळी चिठ्ठी. सगळे कागद मात्र आत्या एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवत होती, कापडदुकानाच्या पिवळ्या पिशवीत.

फेब्रुवारीत उलट्या थांबेनात तेव्हा मंचरला एका फिजिशियनकडे नेलं. त्यांनी तात्यांना तपासलं आणि पिशवी टेबलावर रिकामी केली. कागद तारखेनुसार लावले. नव्याने रक्त काढलं. संध्याकाळी आकडे आले. हिमोग्लोबिन ८.२. ईएसआर १२०. क्रिएटिनिन २.६. कॅल्शियम ११.८. एकूण प्रथिनं १०.४, त्यात अल्ब्युमिन ३.१. त्यांनी दहा-चारमधून तीन-एक वजा केले आणि कागदाच्या कोपऱ्यात ७.३ लिहून त्याभोवती गोल केला. हे ग्लोब्युलिन. निरोगी माणसात ते साधारण दोन ते साडेतीन असतं. पाठदुखीचं मूळ त्या वजाबाकीत होतं.

आजाराचं नाव मल्टिपल मायलोमा. मायलोमा म्हणजे मज्जेतली गाठ, मल्टिपल म्हणजे एकाच वेळी अनेक हाडांत.

मटणाच्या रश्शातली नळी ठोकून आतला मगज ज्यांनी चोखला आहे त्यांना अस्थिमज्जा समजावून सांगायला नको. आपल्या मणक्यांत, बरगड्यांत, कमरेच्या आणि छातीच्या हाडांत असाच मगज असतो, पण लाल. रक्ताच्या पेशी तिथे तयार होतात. त्या वस्तीत थोड्या प्लाझ्मा पेशीही राहतात, शंभरात पाचांहून कमी. त्यांचं काम प्रतिपिंडं बनवण्याचं. गोवर, धनुर्वात, न्यूमोनिया, प्रत्येक शत्रूसाठी वेगळं प्रतिपिंड आणि ते बनवणारं वेगळं घराणं. शरीराची रोगाशी लढायची निम्मी ताकद या विविधतेत आहे.

मायलोमात यातली एकच पेशी बिघडते आणि वाढत सुटते. रानात हरळीची एक काडी राहिली की पुढच्या पावसाळ्यापर्यंत वावर कसं भरतं ते शेतकऱ्याला ठाऊक आहे. सगळी हरळी त्या एका काडीची लेकरं. बिघडलेल्या पेशीची सगळी पिल्लावळही अशीच एकछापी असते आणि ती एकच प्रतिपिंड ढिगाने बनवत राहते. त्या प्रतिपिंडाचा लढाईला उपयोग नसतो. ग्लोब्युलिन ७.३ असूनही तात्यांना न्यूमोनिया झाला तो यामुळे: कोठार भरलेलं, पण त्यात कामाचं धान्य नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडच्या गुंतागुंतीने गेले. लशीचे डोस पूर्ण झालेले होते. त्यांना मायलोमा होता, हे कळल्यावर डॉक्टरांना कोडं उरलं नाही.

रक्तात हे प्रथिन वाढलं की लाल पेशी एकमेकींना चिकटतात. काचपट्टीवर त्या भाकरीच्या चवडीसारख्या एकावर एक रचलेल्या दिसतात. चवड जड, म्हणून नळीत भराभर खाली बसते. ईएसआर म्हणजे हाच खाली बसण्याचा वेग. क्षयरोगात, संधिवातात, साध्या जंतुसंसर्गातही तो वाढतो, त्यामुळे एकट्या ईएसआरवर कुणी निदान करत नाही. पण पन्नाशीपुढची पाठदुखी, रक्त कमी आणि ईएसआर शंभराच्या पुढे, ही तीन माणसं एका बाकावर बसलेली दिसली तर त्यांची विचारपूस करायलाच हवी.

हाडांचं काय होतं ते जरा सावकाश पाहू. हाड ही बांधून संपलेली भिंत नसते. त्यात जन्मभर दोन टोळ्यांचे गवंडी राबत असतात. एक टोळी जुनं पोखरते, दुसरी तिच्या मागोमाग नवं भरते. मायलोमाच्या पेशी पोखरणाऱ्यांना चेतवतात आणि भरणाऱ्यांना घरी बसवतात. म्हणून हाडाला भोकं पडतात आणि ती बुजत नाहीत. कवटीच्या एक्स-रेत ती तिकीट पंच केल्यासारखी गोल, स्वच्छ कडांची दिसतात. मणका आतून पोकळ झाला की गोणीच काय, शिंक आली तरी दबतो. तात्यांनी ऐकलेला कट्‌ आवाज गादीचा नव्हता, कमरेचा पहिला मणका बसल्याचा होता. एक्स-रेवर ती चपटलेली वीट दिसत होती. आधी ज्यांनी एक्स-रे पाहिला त्यांना मी दोष देत नाही. वयाने ठिसूळ झालेला मणकाही अगदी असाच दबतो, आणि हाडाचं बरंचसं खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत खड्डे उमटत नाहीत. कॅन्सरसाठी एरवी होणारा बोन स्कॅनही इथे चकवतो, कारण तो नवं हाड भरणाऱ्या टोळीची हालचाल टिपतो आणि इथे तर तीच टोळी बसून आहे. म्हणून मायलोमात सगळ्या अंगाचा कमी मात्रेचा सीटी, पेट-सीटी किंवा एमआरआय करतात.

पोखरलेल्या हाडातलं कॅल्शियम रक्तात उतरतं. तहान, बद्धकोष्ठ, मळमळ, गुंगी, बरळणं ही सगळी त्याची कामं. तात्यांच्या डुलक्यांना आम्ही वय म्हणत होतो. सलाईन आणि हाडांचं पोखरणं थांबवणारं इंजेक्शन मिळाल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी बटाट्याचा भाव विचारला, तेव्हा आत्या रडली.

आता मूत्रपिंड. प्रतिपिंडाला दोन जड आणि दोन हलके धागे असतात. बिघडलेल्या पेशी हलके धागे जास्तीचे कातून रक्तात सोडतात. ते लहान असल्यामुळे मूत्रपिंडाच्या चाळणीतून खाली उतरतात, पुढच्या बारीक नळ्यांत तिथल्या प्रथिनाशी त्यांची गुठळी होते आणि नळ्या तुंबतात. क्षाराच्या पाण्याने ठिबकचे ड्रिपर कसे चोंदतात ते आठवा. पाणी कमी झालं की लवकर चोंदतात. उलट्या, जुलाब, उन्हात पाणी न पिता केलेलं काम, सीटीच्या वेळी शिरेतून देतात तो रंग, यातलं काहीही निमित्ताला पुरतं. आणि सगळ्यांत वाईट निमित्त म्हणजे डायक्लोफिनॅकच्या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या. त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी आवळतात. म्हणजे आजार पाठ दुखवतो, पाठीसाठी माणूस गोळी घेतो, आणि गोळी आजाराचंच उरलेलं काम करून टाकते. पाच महिने दिवसाला दोन म्हणजे तीनशे गोळ्या. तो हिशोब तात्यांनी स्वतः केला, दवाखान्याच्या कॉटवर, बोटांवर.

लघवीच्या पट्टीनेही फसवलं होतं. आपल्याकडे लघवीतलं प्रथिन बहुधा बुडवायच्या पट्टीने तपासतात. तिचा रंग अल्ब्युमिनने बदलतो, हलक्या धाग्यांना ती जवळजवळ ओळखत नाही. तात्यांच्या रिपोर्टवर ‘अल्ब्युमिन ट्रेस’ होतं. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून मोजली तेव्हा चार ग्रॅम प्रथिन निघालं.

या लघवीचं कोडं जुनं आहे. १८४५ साली लंडनमधल्या एका पंचेचाळीस वर्षांच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्याचा नमुना दोन डॉक्टरांनी हेन्री बेन्स जोन्स नावाच्या तरुण रसायनज्ञ-वैद्याकडे पाठवला आणि विचारलं, यात आहे तरी काय? हा नमुना तापवला की गढूळ व्हायचा, उकळला की नितळ व्हायचा आणि निवला की पुन्हा गढुळायचा. अंड्यातला पांढरा बलक एकदा शिजला की शिजला. हे प्रथिन तसं वागत नव्हतं. त्या व्यापाऱ्याची कहाणीही फिरायला गेलेला असताना धडात अचानक निघालेल्या कळेपासून सुरू होते. त्याला पट्टा बांधला, जळवा लावल्या, लोह आणि क्विनाइन दिलं. पट्टा आणि लोह: पठारावरची चिठ्ठी फारशी वेगळी नव्हती. १८४६ च्या जानेवारीत तो गेला. शवविच्छेदनात त्याच्या बरगड्या सुरीने कापता येण्याइतक्या मऊ निघाल्या. हलक्या धाग्यांना आजही बेन्स जोन्स प्रथिन म्हणतात. आजाराला मल्टिपल मायलोमा हे नाव रुस्टित्स्की यांनी १८७३ मध्ये दिलं.

आज तपासणी उकळण्यावर थांबत नाही. रक्तातली प्रथिनं विजेच्या प्रवाहात पळवतात, आकार आणि भाराप्रमाणे ती वेगळी होतात आणि त्यांचा आलेख निघतो. याला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. निरोगी माणसात प्रतिपिंडांच्या जागी बुटका, पसरट उंचवटा दिसतो, कारण तिथे हजारो घराणी असतात. मायलोमात त्या जागी एकच टोकदार सुळका उभा राहतो. जीवधन किल्ल्यावरून शेजारची वानरलिंगी ज्यांनी पाहिली आहे त्यांनी तसाच सुळका डोळ्यांपुढे आणावा. बोलताना डॉक्टर त्याला एम स्पाइक म्हणतात. त्यासोबत सुळका कुठल्या जातीचा ते सांगणारी इम्युनोफिक्सेशन आणि हलके धागे मोजणारी फ्री लाइट चेन या दोन तपासण्या होतात. यांतली एकही मंचरच्या लॅबमध्ये होत नव्हती. नमुना शहरात गेला. रक्त जातं, माणसाला जावं लागत नाही, ही गोष्ट डिंभे धरणाच्या पलीकडच्या वाड्यांतून येणाऱ्यांना मुद्दाम सांगितली पाहिजे. त्यांचा घोडेगावपर्यंत यायचाच दिवस मोडतो.

शेवटी मज्जा तपासावी लागते. याची लोकांना फार धास्ती असते आणि ‘मणक्यातलं पाणी काढतात’ असा गैरसमज. मणक्याला कुणी हात लावत नाही. पालथं किंवा कुशीवर झोपवून कमरेच्या मागच्या हाडावर, खिसा येतो त्याच्या जरा वर, भूल देऊन सुई घालतात. सुई हाडात शिरताना फक्त दाब जाणवतो. सिरिंज ओढतात तेव्हा मात्र एक विचित्र कळ पायापर्यंत जाते आणि दोन-तीन सेकंदांत निघून जाते. तात्यांच्या भाषेत, ‘कुणी आतून दोरी ओढल्यासारखी’. मग जाड सुईने हाडाचा एक तुकडा काढतात, उदबत्तीच्या काडीएवढा जाड आणि एक-दोन सेंटिमीटर लांब. पंधरा-वीस मिनिटांत माणूस उठून बसतो. तात्यांच्या मज्जेत शंभरात बेचाळीस प्लाझ्मा पेशी निघाल्या.

दहा टक्के किंवा जास्त प्लाझ्मा पेशी आणि सोबत कॅल्शियम, मूत्रपिंड, रक्त, हाडं या चौघांपैकी कुणा एकाला झालेली इजा, असा निदानाचा साधारण नियम आहे. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने त्यात भर घातली: पेशी साठ टक्क्यांवर गेल्या, हलक्या धाग्यांचं प्रमाण शंभरपटीने बिघडलं किंवा एमआरआयमध्ये एकापेक्षा जास्त डाग दिसले, तर इजा होण्याची वाट न पाहता उपचार सुरू करायचे. उलट, सुळका दिसला म्हणजे कॅन्सर झालाच असंही नाही. अमेरिकेतल्या एका परगण्यात पन्नाशीपुढच्या लोकांची रक्तं तपासली तेव्हा तीन टक्क्यांच्या आसपास लोकांत लहान, निरुपद्रवी सुळका सापडला होता. त्यांच्यातल्या शंभरांपैकी एखाद्याच्या सुळक्याचं दरवर्षी पुढे मायलोमात किंवा त्याच्या भावकीतल्या आजारात रूपांतर होतं. बाकीच्यांनी ठरावीक काळाने रक्त तपासायचं आणि कामाला लागायचं. त्यांना औषध लागत नाही.

मायलोमा तसा दुर्मीळ. सगळ्या कॅन्सरांत शंभरात एखादा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००३ मध्ये १०२७ रुग्णांच्या नोंदी छापल्या. त्यांत निदानाच्या वेळी ७३ टक्के लोकांचं रक्त कमी होतं आणि ५८ टक्क्यांची हाडं दुखत होती. पाश्चात्त्य देशांत निदानाचं वय सत्तरीच्या आसपास असतं, भारतात ते साधारण दहा वर्षं अलीकडे येतं. अभिनेत्री किरण खेर यांना हा आजार असल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं, छठगीतांच्या गायिका शारदा सिन्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये गेल्या, तेव्हा हे नाव मराठी वर्तमानपत्रांत आलं. पठारावर कुणी ते वाचून लक्षात ठेवल्याचं मला आठवत नाही.

कशामुळे होतो? हा प्रश्न फवारणीच्या मुलखात येणारच. अमेरिकेत कीटकनाशकं फवारणाऱ्या पुरुषांच्या पाहणीत वर सांगितलेला निरुपद्रवी सुळका इतरांपेक्षा जवळपास दुप्पट सापडला. हा अभ्यास २००९ चा. शेतकाम आणि मायलोमा यांचा संबंध इतरही पाहण्यांत दिसला आहे. पण संबंध म्हणजे कारण नव्हे, आणि अमुक औषधाने तमुक माणसाला झाला असं कुणाही एकाबाबत सांगता येत नाही. तात्यांनी तीस वर्षं हातमोज्यांशिवाय फवारलं. त्यांचा थोरला भाऊही तसंच फवारत आला आणि आज खणखणीत आहे. तरी मास्क आणि हातमोजे घाला असं मी म्हणेन, त्याला विषबाधेचं एक कारणही पुरे आहे.

उपचार कसे बदलले ती गोष्ट चमत्कारिक आहे. १९६० च्या आसपास ज्या थॅलिडोमाइडने हजारो बाळं हातापायांविना जन्माला आली, तेच औषध १९९९ मध्ये मायलोमावर चालतं असं सिद्ध झालं. बाकी इलाज थकलेल्या ८४ रुग्णांतल्या जवळपास एक तृतीयांशांना त्याने गुण आला. त्या शोधनिबंधावरची पहिली तीन नावं सिंघल, मेहता आणि देसिकन अशी आहेत. त्याचंच सुधारलेलं भावंड लेनालिडोमाइड आज कॅप्सूलमध्ये मिळतं आणि भारतीय कंपन्या ते बनवत असल्याने अमेरिकेच्या मानाने फारच स्वस्त पडतं. सोबत पोटाच्या कातडीखाली बोर्टेझोमिबचं इंजेक्शन आणि आठवड्याला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. केस जात नाहीत, माणूस घरी राहून उपचार घेतो, म्हणून ‘ही कसली किमो’ असं शेजारी म्हणतात. पण त्रास आहेत. स्टेरॉइडने साखर चढते आणि रात्रीची झोप उडते, तळपायांना मुंग्या येतात, पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी लागते आणि नागीण उठू नये म्हणून आणखी एक. हाडांचं इंजेक्शन सुरू होण्याआधी दात दाखवून घ्यावे लागतात, कारण नंतर दाढ काढली तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. तात्यांच्या दोन दाढा आधीच काढल्या. ‘पाठीच्या आजाराला दाढ’ हा त्यांचा आवडता विनोद आहे.

तब्येत झेपणारी असेल तर पुढे स्वतःच्याच मूळ पेशींचं प्रत्यारोपण करतात. पेशी आधी काढून गोठवायच्या, मेल्फलान या औषधाचा जबर डोस देऊन मज्जा साफ करायची आणि पेशी परत सोडायच्या. देशातलं पहिलं मज्जा प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं, ते मात्र दुसऱ्याच्या मज्जेचं आणि ल्युकेमियासाठी. खर्चाच्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. कुठली तपासणी त्यात बसते आणि कुठली नाही हे ज्याच्या त्याच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारूनच पुढे जावं.

एका गुंतागुंतीत मात्र विचारत बसायला वेळ नसतो. दबलेला मणका किंवा त्यातली गाठ मज्जारज्जूवर आली तर पाय जड पडतात, चालताना अडखळायला होतं, कमरेखाली बधिरपणा येतो, लघवी तुंबते. हे दिसलं तर सोमवारच्या ओपीडीची वाट पाहायची नाही. त्याच रात्री गाडी काढायची. काही तासांत स्टेरॉइड आणि पाठोपाठ रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया मिळाली तर पाय वाचतात, चार दिवसांनी बहुधा वाचत नाहीत.

मायलोमा आटोक्यात येतो, बहुतेकांच्या बाबतीत मुळासकट जात नाही. हरळीसारखाच. लोक वर्षानुवर्षं चांगले जगतात आणि मधूनमधून सुळका पुन्हा डोकं काढतो. तात्यांना आता तिसरं वर्ष चालू आहे. मूत्रपिंडाचा हिशोब सांगणारं क्रिएटिनिन १.४ वर थांबलं आहे. उंची दोन इंच कमी झाली, सदरा गुडघ्याकडे सरकला. गोण्या उचलायची मनाई आहे, ते काट्याशेजारी खुर्ची टाकून वजनं लिहितात, जवळ दीड लिटरची बाटली ठेवतात आणि दिवसातून दोनदा रिकामी करतात. पिवळी पिशवी फाटली; आता कागद फाइलला लावलेले असतात, नवा वर.

गेल्या जूनच्या आलेखात सुळक्याच्या जागी पुन्हा एक बारीक टोक दिसलं, ०.३ ग्रॅमचं. डॉक्टर म्हणाले, एवढ्याने औषध बदलत नाहीत, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्या. तात्यांनी बोटं मोजली आणि विचारलं, ‘ते बटाट्याच्या काढणीत येतंय. आठ दिवस पुढं-मागं चालेल का?’